एकाच पेनड्राइव्हवर पाच-सहा ओएस: पार्टिशन कशी पाडावीत?

खटपट्या
१२८ जीबीचा यूएसबी ३ पेनड्राइव्ह आहे. त्यावर लिनक्स मिंट, उबंटू २४.०४, डेबियनचं नेटइन्स्टॉल, विंडोज ११ चा इन्स्टॉलर, क्लोनझिला (डिस्कची हुबेहूब प्रत घेणारं), जीपार्टेड (पार्टिशन पाडणारं) आणि मेमटेस्ट (रॅम तपासणारं) हवं आहे. उरलेल्या जागेत साध्या फाइलीही ठेवता आल्या पाहिजेत. मशिनी दोन तऱ्हेच्या: एक कोअर टू ड्युओ, त्यात फक्त जुना बायोस (मशिन सुरू करणारं फर्मवेअर). बाकीचे लॅपटॉप यूईएफआयवाले (बायोसची जागा घेणारं नवं फर्मवेअर), सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर अडवणारी सोय) चालू असलेले.
कच्चा आराखडा असा: जीपीटी पार्टिशन टेबल (ड्राइव्हवरच्या कप्प्यांची नव्या पद्धतीची यादी; जुन्या पद्धतीची ती एमबीआर), दर ओएसला (ऑपरेटिंग सिस्टिमला) एक पार्टिशन म्हणजे कप्पा, शेवटचं डेटासाठी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ग्रब (कोणती ओएस सुरू करायची ते विचारणारा बूटलोडर). हे बरोबर आहे का? नसेल तर कुठे अडेल?

टर्मिनलराव
अडेल ते पहिल्याच पायरीला. दर ओएसला एक पार्टिशन कशाला? तुमच्या यादीतली एकही गोष्ट पेनड्राइव्हवर 'बसवायची' नाही. सगळे इन्स्टॉलर नाही तर लाइव्ह (न बसवता चालणाऱ्या) सिस्टिमी आहेत, म्हणजे आयएसओ फाइली (अख्ख्या डिस्कची एका फाइलीत प्रत). त्या एकाच पार्टिशनमध्ये शेजारी शेजारी राहतात. वेगळं पार्टिशन लागतं ते पेनड्राइव्हवरच ओएस कायमची बसवून रोज वापरायची असेल तेव्हा. तो विषय वेगळा, आणि त्याला पेनड्राइव्ह हे माध्यमही चुकीचं.
तेव्हा सरळ व्हेंटॉय टाका, एकाच ड्राइव्हवरून अनेक आयएसओ बूट करणारं साधन. ते दोन पार्टिशन पाडतं: पहिलं मोठं, एक्सफॅट फाइल सिस्टिमचं, त्यात आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या, दुसरं ३२ एमबीचं व्हीटॉयईएफआय, त्यात बूटलोडर. बूट केलं की पहिल्या पार्टिशनमधल्या आयएसओंची यादी समोर येते. नवी आवृत्ती आली की जुनी फाइल उडवायची, नवी टाकायची. पुन्हा काही बसवायला नको.

निळापडदा
+१ व्हेंटॉय. विषय संपला, चहा घ्या.

ग्रबभक्त
इतक्यात कुठे संपला? व्हेंटॉय सोयीचं आहे, वाद नाही. पण त्याच्या कोडभांडारात तयार बायनरी (आत काय आहे ते वाचता न येणाऱ्या) फाइली आहेत. मार्च २०२४ मध्ये एक्सझेडचं प्रकरण (त्या कॉम्प्रेशन साधनात लपवलेला चोरदरवाजा) बाहेर आल्यावर लोकांनी त्यावरून प्रश्न विचारले, आणि ते रास्त होते. ज्या ड्राइव्हवरून दहा मशिनींवर ओएस बसणार तो आपल्याला समजेल अशा रीतीने बांधलेला बरा. ग्रबने हे सगळं होतं. मांडणी अशी:
पार्टिशन टेबल जीपीटी. पहिलं पार्टिशन १ एमबी, प्रकार ईएफ०२, म्हणजे बायोस बूट. ते फॉरमॅट करायचं नाही, ग्रब आपला गाभा तिथे कोंबतो. दुसरं ५१२ एमबी, फॅट३२, प्रकार ईएफ००. तिसरं आयएसओंसाठी, एक्स्ट४. चौथं डेटासाठी, एक्सफॅट.
मग ग्रब-इन्स्टॉल दोनदा चालवायचं. एकदा टार्गेट आय३८६-पीसी देऊन पूर्ण ड्राइव्हवर. दुसऱ्यांदा टार्गेट एक्स८६_६४-ईएफआय, सोबत 'रिमूव्हेबल' हा पर्याय. तो दिला की फाइल ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात बूटएक्स६४.ईएफआय या नावाने पडते. बाहेरचा ड्राइव्ह लावला की फर्मवेअर हेच नाव शोधतं. हा पर्याय विसरलात तर ग्रब मशिनच्या एनव्हीरॅममध्ये (फर्मवेअरच्या कायमच्या स्मृतीत) नोंद करून ठेवतो आणि दुसऱ्या मशिनवर पेनड्राइव्ह मुका.

टर्मिनलराव
आणि विंडोज ११ ची आयएसओ तुमचा ग्रब लूपबॅकने (फाइललाच ड्राइव्ह समजून) बूट करणार का?

ग्रबभक्त
नाही करणार, मान्य. विंडोजसाठी ८ जीबीचं वेगळं फॅट३२ पार्टिशन पाडून त्यात आयएसओतल्या सगळ्या फाइली उतरवायच्या. अडचण एकच. सोर्सेस फोल्डरातली इन्स्टॉल.विम, म्हणजे विंडोजची मुख्य फाइल, ४ जीबीच्या वर जाते, आणि फॅट३२ वर तेवढी फाइल मावत नाही. ती फोडावी लागते: विंडोजवर डिझमच्या स्प्लिट-इमेजने, लिनक्सवर विमलिब-इमेजएक्सच्या स्प्लिटने, तुकड्याचा आकार ३८०० एमबी. तुकड्यांची नावं इन्स्टॉल.एसडब्ल्यूएम, इन्स्टॉल२.एसडब्ल्यूएम अशी ठेवली की सेटअप ते आपणहून जोडून घेतो. मूळ विम फाइल कॉपी करायची नाही. मीडिया क्रिएशन टूलने आयएसओ बनवली असेल तर आत विमऐवजी ईएसडी असते. ती ४ जीबीच्या आत बसली तर फोडायचं कारण नाही.

निळापडदा
चहा गार झाला, पण पुढे चालू द्या.

कर्नलकाकू
ग्रबभक्त, मांडणी चोख आहे, दोन खड्डे राहिले. पहिला: काही जुने बायोस जीपीटीचा ड्राइव्ह 'बूट होण्याजोगा नाही' म्हणून सोडून देतात, कारण संरक्षक एमबीआरमधल्या नोंदीला सक्रिय खूण नसते. पार्टेडमध्ये डिस्क_सेट पीएमबीआर_बूट ऑन केलं की बहुतेक मशिनी ऐकतात. कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशिनीवर हे आधी तपासा.
दुसरा: सिक्युअर बूट. ग्रब-इन्स्टॉलने स्वतः तयार केलेल्या ग्रबवर सही नसते. उबंटू किंवा डेबियनचं सहीवालं शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा लोडर) आणि ग्रब घ्यावं लागतं, आणि तो सहीवाला ग्रब आपली कॉन्फिग फाइल ईएफआय खालच्या उबंटू किंवा डेबियन नावाच्या फोल्डरात शोधतो, बूट फोल्डरात नाही. तिथे दोन ओळींची फाइल ठेवून खऱ्या कॉन्फिगकडे वळवायचं. एवढं करायची तयारी असेल तर ग्रब उत्तम. धागाकर्त्याची यादी बघता व्हेंटॉय पुरेसं आहे असं माझं मत.

खटपट्या
छान चाललंय. व्हेंटॉय घ्यायचं तर एमबीआर की जीपीटी? आणि डेटाचं पार्टिशन त्यात कसं काढायचं?

टर्मिनलराव
तुमच्याकडे बायोसवालं मशिन आहे आणि ड्राइव्ह २ टीबीच्या खूप खाली आहे, तेव्हा एमबीआर. यूईएफआयला बाहेरच्या ड्राइव्हवरचं एमबीआर चालतं. जीपीटीच हवं हा गैरसमज फार पसरलाय.
लिनक्सवर व्हेंटॉय-टू-डिस्क ही स्क्रिप्ट सुडोने चालवा. पर्याय उणे आय (लहान लिपीतला), उणे आर आणि त्यापुढे ४०९६०, शेवटी ड्राइव्हचं नाव. उणे आर म्हणजे ड्राइव्हच्या शेवटी तेवढे एमबी मोकळे सोडा. नाव पूर्ण ड्राइव्हचं द्यायचं, एसडीबी, एसडीबी१ नाही. त्याआधी एलएसबीएलके चालवून आकार आणि मॉडेल बघा, कारण एसडीबी आज पेनड्राइव्ह असेल, उद्या डेस्कटॉपमधली दुसरी हार्डडिस्क. मोठ्या लिपीतला आय जबरदस्तीने पुसून बसवतो, जपून. नंतर आवृत्ती वाढवायची तर उणे यू, त्याने आयएसओ जागच्या जागी राहतात. विंडोजवरच्या व्हेंटॉयमध्ये हीच जागा राखण्याची सोय पार्टिशन कॉन्फिगरेशनमध्ये आहे.
मग जीपार्टेडने मोकळ्या ४० जीबीत तिसरं प्रायमरी पार्टिशन करा. पहिल्या दोघांना हात लावायचा नाही.

वाचनमात्र
१२८ मधून ४० गेले म्हणजे ८८ उरले ना?

टर्मिनलराव
डब्यावरचे १२८ जीबी म्हणजे १२८ अब्ज बाइट. १०२४ च्या हिशोबाने ११९ च्या आसपास. त्यातून ४० गेले की ७९. यादीतल्या आयएसओ मोजा: विंडोज आणि उबंटू प्रत्येकी सहा-सात जीबीच्या आसपास, मिंट तीनच्या आत, डेबियन नेटइन्स्टॉल एक जीबीच्या आत, क्लोनझिला आणि जीपार्टेड अर्धा-अर्धा, मेमटेस्ट काही एमबी. वीसच्या आत सगळं. भरपूर जागा आहे.

निळापडदा
वेगळं डेटा पार्टिशन हा प्रकारच मला पटत नाही. पहिल्याच पार्टिशनमध्ये 'माझ्या फाइली' फोल्डर करा, झालं. उलट विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीआधीचं विंडोज काढता येण्याजोग्या ड्राइव्हचं फक्त पहिलं पार्टिशन दाखवतं. बरेच टीव्ही आणि गाडीतले म्युझिक प्लेयरही तसेच. तिसऱ्या पार्टिशनमधल्या फाइली तिथे दिसणारच नाहीत. फोल्डरात हजारो फाइली असल्या तर व्हेंटॉयची आयएसओ शोधाशोध लांबते, त्यावर उपाय आहे: त्या फोल्डरात .व्हेंटॉयइग्नोर नावाची रिकामी फाइल ठेवा, तो फोल्डर वगळला जातो.

ताक_आणि_टक्स
निळापडदा, फोल्डरवर भरवसा कशाला? एक्सफॅटला जर्नल (अर्धवट राहिलेलं लेखन सावरणारी नोंदवही) नाही. कॉपी चालू असताना ड्राइव्ह ओढला की ज्या पार्टिशनवर आयएसओ आहेत तेच बिघडणार. डेटा वेगळा असला तर निदान मेन्यू शाबूत.

निळापडदा
ड्राइव्ह ओढणाऱ्याला पार्टिशन वाचवत नाही. हलके घ्या.

ताक_आणि_टक्स
हलकेच घेतलं. पण लिनक्सवर कॉपीची पट्टी पूर्ण झाली म्हणजे फाइल ड्राइव्हवर गेली असं नाही. ती रॅममध्ये असते, मागून सावकाश लिहिली जाते. सिंक चालवा, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा, मग काढा. 'आयएसओ अर्ध्यात अडकते, व्हेंटॉय खराब आहे' या तक्रारींतल्या बऱ्याच इथल्याच असतात. कॉपी झाल्यावर, ड्राइव्ह काढून पुन्हा लावून, ड्राइव्हवरच्या फाइलीचा शा२५६ (फाइलीचा ठसा, म्हणजे चेकसम) काढून ताडून बघा. विंडोजवर सर्टयुटिल उणे हॅशफाइल, पुढे फाइलीचं नाव आणि शा२५६. मेन्यूतच करायचं असेल तर व्हेंटॉयमध्ये आयएसओवर उभं राहून एम दाबा, चेकसमचा पर्याय येतो.

बूटपॉलिश
आधी ड्राइव्ह खरा आहे का ते बघा! लॅमिंग्टन रोडवर घ्या, तापकीर गल्लीत घ्या नाही तर ऑनलाइन. पाचशे रुपयांत '२ टीबी' लिहिलेला पेनड्राइव्ह म्हणजे आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप आणि खोटं बोलणारा कंट्रोलर. पहिल्या काही आयएसओ छान चालतात, पुढच्या कॉपी होतात पण वाचताना कचरा येतो. लिनक्सवर एफ३ नावाचं साधन आहे. एफ३राइटने ड्राइव्ह भरायचा, एफ३रीडने परत वाचायचा. घाई असेल तर एफ३प्रोब काही मिनिटांत खरी क्षमता सांगतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू.

वाचनमात्र
वाखूसा (वाचनखूण साठवली). 🙏

खटपट्या
ड्राइव्ह एफ३प्रोबने तपासला, खरा आहे. आता सिक्युअर बूटचं सांगा. बंदच करून टाकू का?

कर्नलकाकू
थांबा! बायोसमध्ये शिरण्याआधी त्या मशिनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) आहे का बघा. सिक्युअर बूट बंद केलं की टीपीएमला (मशिनमधल्या सुरक्षा चिपला) मशिन बदलल्यासारखं वाटतं आणि पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. हल्लीच्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. की आधी खात्यातून उतरवून कागदावर घ्या, नाही तर बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा.
बंद न करताही चालतं. व्हेंटॉय बसवताना सिक्युअर बूटचा पर्याय चालू ठेवा. नव्या मशिनवर पहिल्या वेळी 'व्हेरिफिकेशन फेल्ड' असा निळा पडदा येईल. घाबरू नका. ओके, मग कोणतंही बटण दाबून मेन्यूत शिरा, एनरोल की फ्रॉम डिस्क, व्हीटॉयईएफआय निवडा, त्यातली एनरोल-धिस-की पासून सुरू होणारी फाइल, कंटिन्यू, येस, रीबूट. दर मशिनला एकदाच. त्या निळ्या पडद्यावर दहा सेकंदांत बटण दाबलं नाही तर मशिन पुढे निघून जातं, मग लोक म्हणतात 'चाललं नाही'.
ही की त्या मशिनच्या एनव्हीरॅममध्ये राहते. स्वतःच्या मशिनवर ठीक. दुसऱ्याच्या, विशेषतः ऑफिसच्या लॅपटॉपवर ही की घालून येऊ नका. तिथे सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून काम झाल्यावर परत चालू करणं जास्त सभ्य.

निळापडदा
काकू, माझं नाव घेऊन घाबरवू नका लोकांना.

सेक्टर_शून्य
यात एक भर. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच मशिनींवर जुन्या लिनक्स आयएसओ 'एसबॅट' तपासणीत (धोकादायक जुने बूटलोडर नाकारणाऱ्या) नापास होतात आणि 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' म्हणून मशिन बंद होतं. आयएसओ बिघडलेली नसते. तिच्यातलं शिम जुनं असतं. त्याच आवृत्तीची ताजी आयएसओ उतरवा, उदाहरणार्थ २४.०४ ऐवजी तिची पुढची २४.०४.x.

वाचनमात्र
मिंट लाइव्ह चालवून बदल जपता येतात का? म्हणजे वायफायचा पासवर्ड, मराठी कीबोर्ड वगैरे दर वेळी नको.

टर्मिनलराव
येतात, त्याला पर्सिस्टन्स म्हणतात. व्हेंटॉयसोबत क्रिएट-पर्सिस्टंट-इमेज नावाची स्क्रिप्ट येते. आकार नाही सांगितला तर १ जीबीची डॅट फाइल बनवते. ८ जीबी मागा. आतलं लेबल मिंट-उबंटूसाठी कॅस्पर-आरडब्ल्यू, तेच डीफॉल्ट आहे. मग पहिल्या पार्टिशनमधल्या व्हेंटॉय फोल्डरात व्हेंटॉय.जेसन फाइल, तीत पर्सिस्टन्स विभाग: इमेज म्हणजे आयएसओचा पूर्ण मार्ग, बॅकएंड म्हणजे डॅट फाइलचा मार्ग. हाताने लिहायचं नसेल तर व्हेंटॉय प्लगसन चालवा, ब्राउझरमध्ये फॉर्म भरायचा. हाताने लिहिलंत तर शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम ठेवू नका, अख्खी फाइल बाद होते. फाइली आणि फोल्डरांची नावं रोमनमध्ये, जागा न सोडता ठेवा. ग्रबच्या मेन्यूत देवनागरी जोडाक्षरं धड उमटत नाहीत.

कर्नलकाकू
पर्सिस्टन्सवर 'सगळे अपडेट' मारू नका हेही सांगा. कर्नल आयएसओतूनच लोड होतं. नवं कर्नल डॅट फाइलमध्ये जाऊन बसतं, जागा खातं, बूट मात्र जुनंच होतं. हवी तेवढी पॅकेजं टाका आणि गप्प बसा. सहा महिन्यांनी नवी आयएसओ, नवी डॅट.

सेक्टर_शून्य
'पेनड्राइव्हवर ओएस कायमची बसवायची' हा विषय टर्मिनलरावांनी बाजूला टाकला, पण पुढेमागे कोणीतरी विचारणारच. साध्या पेनड्राइव्हचं सलग वाचन बरं असतं, ४के तुकड्यांचं फुटकळ लेखन मात्र रडतं, आणि ओएस नेमकं तेच करत असते. त्यासाठी जुना साटा एसएसडी आणि यूएएसपी (यूएसबीवरची वेगवान देवाणघेवाण) चालणारी यूएसबी पेटी घ्या.
उबंटूचा जुना इन्स्टॉलर यूएसबी निवडली तरी बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर टाकायचा. हा नोंदलेला जुना दोष आहे. बसवताना आतल्या डिस्कच्या त्या पार्टिशनचे बूट आणि ईएसपी झेंडे तात्पुरते काढा, किंवा शक्य असेल तर डिस्कच काढून ठेवा. दुसरं: डेबियन-उबंटूचं इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी सिस्टिम) बहुतेक सगळे ड्रायव्हर घेऊन येतं, म्हणून ते मशिन बदललं तरी उठतं. फेडोराचं ड्राकट फक्त त्याच मशिनपुरतं बांधतं, तिथे 'होस्टओन्ली' नो करा. आर्चमध्ये ऑटोडिटेक्ट हुक काढा. एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या पार्टिशनांच्या यादीत) यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक), सोबत नोएटाइम. स्वॅप पार्टिशन नको, झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) घ्या.

बूटपॉलिश
आणि लिनक्स चालवून परत विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्सने हार्डवेअर घड्याळात यूटीसी लिहिलेलं असतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. बसवलेल्या लिनक्सवर टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १, किंवा विंडोजमध्ये वेळ पुन्हा सिंक करा.

निळापडदा
बूट मेन्यूची बटणं कोणी लिहिलीच नाहीत! डेल एफ१२, एचपी एफ९, थिंकपॅड एफ१२, असुसचे लॅपटॉप एस्केप, असुसचे मदरबोर्ड एफ८, एमएसआय एफ११. एसरला एफ१२, पण बऱ्याच मॉडेलांत ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं. आणि विंडोज पूर्ण बंद करा, शिफ्ट दाबून शटडाउन. नाही तर फास्ट स्टार्टअपमुळे एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) अर्धझोपेत राहतं आणि लिनक्समधून त्यावर लिहिता येत नाही.

कर्नलकाकू
डेटा पार्टिशन की फोल्डर, या वादाचा निकाल क्लोनझिला लावतं. व्हेंटॉयमधून लिनक्स बूट झालं की पहिलं पार्टिशन डिव्हाइस मॅपरने (कर्नलची आभासी डिस्क बनवणारी सोय) अडवलेलं असतं. माउंट करायला जा, 'बिझी' म्हणून परत पाठवतं. म्हणजे क्लोनझिलाने घेतलेली डिस्क इमेज त्याच ड्राइव्हवर ठेवायची तर पहिल्या पार्टिशनमधला फोल्डर सहजी हाती लागत नाही. तिसरं पार्टिशन मात्र सरळ माउंट होतं. व्हीटॉय_लिनक्स_रीमाउंट अशी सेटिंग आहे खरी, पण ती सगळ्या डिस्ट्रोंवर चालत नाही.

निळापडदा
हे मान्य. फोल्डर मागे घेतो. टीव्हीवर बघायचे पिक्चर तेवढे पहिल्या पार्टिशनमध्ये राहू द्या.

ग्रबभक्त
आणि कोणी विंडोज ११ बसवताना 'डिस्क दिसतच नाही' म्हणेल, त्यांच्यासाठी: अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांवर व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय) चालू असतं. इंटेलचा आरएसटी व्हीएमडी ड्रायव्हर एक्सई न ठेवता उघडून, आयएनएफ फाइलींसकट डेटा पार्टिशनमध्ये ठेवा आणि सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर करा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचा सल्ला मिळेल. आधीचं विंडोज जपायचं असेल तर तो ऐकू नका, ते बूट होणार नाही.

खटपट्या
सगळ्यांचे आभार. शेवटी ठरलं ते असं: एमबीआर. पहिलं ७९ जीबी एक्सफॅट, आयएसओ, मिंटची ८ जीबी डॅट आणि पिक्चर. दुसरं व्हेंटॉयचं ३२ एमबी. तिसरं ४० जीबी, एक्सफॅट, क्लोनझिलाच्या इमेजी, ड्रायव्हर आणि फाइली. चौथं नाही. लॅपटॉपवर सगळं उठलं. कोअर टू ड्युओवर मेन्यू येतो, पण विंडोज सोडून बाकी सगळं फार सावकाश.

टर्मिनलराव
त्या मशिनला यूएसबी २ आहे, त्यात खरा वेग ३०-४० एमबीच्या वर जात नाही. जुना बायोस वाचताना त्याहूनही हळू चालतो. क्लोनझिला आणि जीपार्टेडला 'टू रॅम' घ्या, एकदा लोड झाल्यावर त्रास नाही. त्यात २ जीबी रॅम असेल तर उबंटू २४.०४ चा नाद सोडा, डेबियन नेटइन्स्टॉलवरून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाका. आणि विंडोज ११ चाही नाद नको, त्याला टीपीएम २.० लागतं, ते त्या मशिनमध्ये नाही.

ग्रबभक्त
पुढे मोठा ड्राइव्ह घेतलात तर त्या मशिनसाठी एक लक्षात ठेवा. काही जुने बायोस यूएसबीवर १३७ जीबीच्या पुढचं वाचू शकत नाहीत. पहिलं पार्टिशन त्याच्या आत संपेल असं पाडा, नाही तर यादीत नाव दिसेल आणि आयएसओ उघडणार नाही. तुमचा १२८ चा आहे म्हणून सुटलात.